लेखनिकाने काय लिहावं?

तीन आठवडे इथे काही लिहिलं नाही. ऑफिसात रिलीज होतं हे नेहमीचं कारण आहेच. पण यावेळी वीकएंड दुसऱ्याच कामात गेले, आणि आजचं हे सगळं त्याच कामाबद्दल.

धुळ्याहून दादाचा फोन आला होता. दादा म्हणजे नात्यातला नव्हे. जळगावला मी बारावीत असताना, २०१४ च्या अखेरीस, कॉलेजातल्या सरांनी वर्गात विचारलं होतं की एका अंध विद्यार्थ्याचा बी.ए.चा पेपर लिहायला कोण येईल. अक्षर बरं म्हणून मित्रांनी मला पुढे ढकललं. तो परीक्षार्थी म्हणजे दादा. आता तो धुळ्यात नोकरी करतो आणि नोकरी सांभाळून त्याला इतिहासात एम.ए. करायचंय. त्याला कोणीतरी दोन पीडीएफ दिल्या होत्या. एक म्हणजे झेरॉक्सची स्कॅन केलेली पानं, दुसरी कुठल्याशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या नोट्स. "तू कॉम्प्युटरवाला ना भाऊ, एवढं वाचता येईल असं करून दे," म्हणाला.

हो म्हटलं. म्हणायलाच हवं होतं, कारण माझ्याकडे त्याची एक उधारी आहे.

त्या पेपरात १९३६ च्या फैजपूर काँग्रेसवर प्रश्न होता. फैजपूर आमच्याच जिल्ह्यातलं. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, नगराची सजावट नंदलाल बोसांची, आणि नेहरूंची मिरवणूक बैल जुंपलेल्या रथातून. दादाला हे तोंडपाठ होतं, वर घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलंही बरंच होतं. तो सांगत होता, "गावोगावचे लोकं बैलगाड्या जुपून, भाकरी बांधून आले." मी लिहिलं, "ग्रामीण जनता मोठ्या संख्येने उपस्थित राहिली." मला वाटलं मी त्याचं भलंच करतोय. गाइडात असंच असतं, मार्क असेच मिळतात. शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा तो म्हणाला, वाचून दाखव. मी वाचलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "हे मी नाही सांगितलं, भाऊ." तेवढ्यात घंटा झाली. तो पास झाला, मार्क चांगले पडले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

असो. तर दोन पीडीएफ.

दुसरी आधी सांगतो, कारण ती जास्त चीड आणणारी आहे. डोळ्यांनी बघितली तर छान मराठी. पण अंध माणूस कॉम्प्युटर वापरतो तो स्क्रीन रीडरच्या जोरावर. हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतं. त्याला अक्षराचं चित्र दिसत नाही, फक्त आतला कोड दिसतो. जुन्या कृतीदेवसारख्या फाँटमध्ये आतला कोड इंग्रजी अक्षरांचा असतो आणि वरून नुसता देवनागरी मुखवटा चढवलेला असतो. 'भारत' असं दिसतं तिथे आत असतं एच, के, के, जे, आर. दादाचा कॉम्प्युटर अख्खा धडा असा एच-के-के-जे-आर करत वाचतो. युनिकोडात देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोजमध्ये २००० पासून. तरीही डीटीपीवाल्यांकडून आलेलं साहित्य वर्षानुवर्षं याच मुखवट्यात फिरत राहिलं. डोळस माणसाला फरक पडला नाही, म्हणून कोणी बदललं नाही. आपल्या धंद्यातला हा जुनाच आजार: जो बग मला दिसत नाही तो बगच नाही.

हा आजार किती जुना ते शोधताना हेलन केलरची गोष्ट सापडली. तिने आत्मचरित्रात ती स्वतःच सांगितली आहे. १८९९ मध्ये तिची रॅडक्लिफ कॉलेजची प्रवेश परीक्षा होती. तोपर्यंत शिकवलेलं सगळं तिच्या तळहातावर बोटांनी लिहून सांगणाऱ्या अ‍ॅन सलिव्हन बाईंना परीक्षेत पेपर वाचून द्यायला परवानगी नाही. त्याऐवजी एका अनोळखी शिक्षकाने पेपर ब्रेलमध्ये उतरवून द्यायचे. सोय झाली म्हणायची! पण बीजगणिताच्या पेपरच्या फक्त दोन दिवस आधी तिच्या लक्षात आलं की ही अमेरिकन ब्रेल आहे, आणि तिला बीजगणिताची चिन्हं फक्त इंग्लिश ब्रेलमधली येत होती. दोन दिवसांत तिने नवी चिन्हं पाठ केली, परीक्षेत चाचपडत का होईना पास झाली, आणि १९०४ मध्ये पदवी घेतली. गणित येत होतं, अडलं ते एन्कोडिंगपाशी. सव्वाशे वर्षांनी दादा धुळ्यात त्याच जागी अडकलाय.

केलरबाईंवर आणखी एक संशय आयुष्यभर राहिला. हे शब्द तिचे की सलिव्हन बाईंचे? दुसऱ्याच्या हाताने लिहिणाऱ्याला हा प्रश्न विचारला जातोच. आणि इथे मला आमच्या विद्यापीठाची पाटी आठवते.

जळगावचं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला पुणे विद्यापीठातून वेगळं निघालं. जळगाव, धुळे आणि आताचा नंदुरबार, एवढा त्याचा मुलूख. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. हायवेवरून जाताना ही पाटी मी शेकडो वेळा पाहिली असेल, पण तिचा अर्थ आत्ता कुठे डोक्यात शिरला. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. १८८० ला आसोद्यात जन्म, लग्न होऊन जळगावात, शेतात आणि जात्यावर काम करता करता गाणी रचायच्या. ती कागदावर उतरवली मुलगा सोपानदेव आणि एका चुलतभावाने. १९५१ मध्ये त्या वारल्या. सोपानदेवांनी मग ते कागद अत्र्यांना दाखवले, आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये पुस्तक निघालं. जे टिपलं गेलं नाही ते त्यांच्याबरोबरच गेलं.

म्हणजे ज्या विद्यापीठाच्या परीक्षेत लेखनिक घेणं ही 'सवलत' समजली जाते, ते विद्यापीठच लेखनिकाच्या मदतीने लिहिलेल्या बाईच्या नावाचं आहे! बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांची असं कोणी म्हणत नाही. का म्हणत नाही? माझ्या मते याचं श्रेय लेखनिकाला आहे. सोपानदेव स्वतः कवी होते, प्रमाण मराठीत उत्तम लिहायचे. आईची लेवा गणबोली 'सुधारायचा' मोह त्यांना सहज होऊ शकला असता. पण छापलेल्या पुस्तकात आईची बोली बोलीच राहिली. मी अकरा वर्षांपूर्वी जे केलं नाही ते त्यांनी केलं. (बहिणाबाईंची भाषा अहिराणी, असं पुण्यात मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी ऐकवतं. अहिराणी वेगळी, लेवा गणबोली वेगळी. एकदाचं सांगून टाकलं.)

धुळ्याकडेही असाच एक धागा आहे. तिथले शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं जमवण्यात आयुष्य घातलं. परंपरा अशी सांगते की दासबोध समर्थांनी सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहिला. दासबोध कल्याणांचा, असंही कोणी म्हणत नाही. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, यात आपल्याकडे कधी कमीपणा नव्हता. तो आला तो परीक्षेच्या हॉलमध्ये, कारण तिथे हात म्हणजेच विद्यार्थी असं धरलेलं असतं.

नियमांचा इतिहास मी फार लांबवत नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने शिक्षणात ३ टक्के जागा दिल्या, २०१६ च्या कायद्याने त्या उच्च शिक्षणात ५ टक्के केल्या आणि अपंगत्वाचे प्रकार २१ झाले. पण लेखनिकाबद्दल काय झालं ते मजेशीर आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटलं होतं की लेखनिकाला शिक्षणाची, वयाची अट घालू नका, त्यापेक्षा देखरेख नीट ठेवा. परीक्षार्थीला कॉम्प्युटरवर पेपर लिहायचा असेल तर लिहू द्या, आणि तो कॉम्प्युटर आदल्या दिवशी तपासूही द्या. (आदल्या दिवशी! हेलन केलरला हे किती पटलं असतं.) आता मी दादाचा पेपर लिहिला तो २०१४ मध्ये. तरी आम्हाला ठासून सांगितलं होतं की रायटर खालच्याच वर्गातला पाहिजे. आणि कॉम्प्युटरचा पर्याय आहे हे ना दादाला कोणी सांगितलं, ना मला. २०१८ च्या सूचनांत तर, स्वतःचा लेखनिक आणलात तर तो एक पायरी खालचा हवा, ही अट लेखीच आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने विकास कुमार खटल्यात ठरवलं की हाताला पेटके येऊन लिहिता न येणाऱ्यालाही लेखनिक मिळायला हवा, त्यासाठी ४० टक्के अपंगत्वाच्या सर्टिफिकेटची अट नको.

एक पायरी खालचा म्हणजे काय, ते मला विचारा. दादा 'सविनय कायदेभंग' म्हणाला की मला स्पेलिंग माहीत असायचं. पण इंग्रज इतिहासकारांची नावं आली की तो थांबून एकेक अक्षर सांगायचा. जादा वेळ मिळतो तासाला २० मिनिटं, तो असाच खर्ची पडतो. प्रांजल पाटील, ज्यांना आमच्याकडे जळगावची सून म्हणून ओळखतात, त्यांनीही यूपीएससी दिली ती स्क्रीन रीडरवर अभ्यास करून आणि पेपर एका मैत्रिणीच्या हातून लिहून. २०१६ च्या निकालात ७७३ वा क्रमांक आला, रेल्वे लेखा सेवा मिळाली, पण पूर्ण अंध म्हणून नेमणूक नाकारली गेली. पुन्हा बसल्या, १२४ वा क्रमांक, आयएएस. सांगणाऱ्याच्या वेगाला पुरा पडणारा आणि मध्ये स्वतःचं डोकं न चालवणारा लेखनिक मिळणं हे नशीबच. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचं 'मनोबल' आहे. तिथे अपंग मुलामुलींची राहण्याची आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीची सोय आहे, दूरदूरची मुलं येतात. पण साध्या बी.ए.ला बसलेल्या तालुक्याच्या गावच्या मुलाला दर सेमिस्टरला रायटर शोधत फिरावंच लागतं.

म्हणून मशीनची गोष्ट महत्त्वाची. आता पहिल्या पीडीएफकडे, म्हणजे स्कॅन केलेल्या पानांकडे.

छापील पान वाचून दाखवणारं यंत्र रे कुर्झवाइल यांनी १९७६ मध्ये आणलं, इंग्रजीसाठी, एखाद्या वॉशिंग मशीनएवढं. पडदा वाचणारा जॉज आला १९८९ मध्ये, पण त्याची किंमत आपल्याकडच्या विद्यार्थ्याला झेपणारी नव्हती. खरा फरक पाडला एनव्हीडीएने. मायकल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला आणि फुकट दिला. दादा तोच वापरतो, मराठी आवाजासकट.

मराठी छापील अक्षर ओळखणं मात्र रखडलं. कारण आपली शिरोरेषा. इंग्रजीत अक्षरं सुटी असतात, कापता येतात. आपली एका दांडीला टांगलेली, वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. जुन्या पद्धतीचे प्रोग्राम आधी अक्षर कापायचे आणि मग ओळखायचे, त्यामुळे कापण्यातच हुकायचे. टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर २००५ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत त्यात न्यूरल नेटवर्क आलं आणि ते अक्षर कापायच्या ऐवजी अख्खी ओळ एकत्र वाचू लागलं. ज्याला आपण एआय एआय म्हणतो त्याचा दादाच्या आयुष्यातला पहिला खरा उपयोग हा. रोबो नाही, चॅटिंग नाही. झेरॉक्सचं पान बोलू लागलं, बस.

पूर्ण बोललं असं नाही. घ चा ध, भ चा म, ख चा रव. झेरॉक्सच्या काळ्या ठिपक्यांचे अनुस्वार. दोन शनिवार मी पान आणि मजकूर शेजारी ठेवून तपासत बसलो होतो.

नकाशांपाशी मी नव्या चॅटबॉटची मदत घेतली. २०२३ पासून ही मॉडेल्स चित्र बघून वर्णन करतात, आणि अंध लोकांसाठीच्या 'बी माय आइज' या अ‍ॅपने ती सोय सगळ्यात आधी आणली. परीक्षेत नकाशाचा प्रश्न आला की अंध विद्यार्थ्याला पर्यायी प्रश्न देतात, म्हणजे नकाशाशी त्याची गाठच पडत नाही. म्हटलं, बघू. खान्देशाच्या नकाशाचं त्याने झकास वर्णन केलं. सातपुडा उत्तरेला, बरोबर. पण धुळं त्याने तापीकाठी नेऊन ठेवलं, तेही अगदी ठाम आवाजात. धुळं पांझरेकाठी आहे हे मला माहीत होतं म्हणून पकडलं. ज्याला नकाशा दिसतच नाही त्याने कसं पकडायचं? रायटर चुकला तर निदान तो अडखळतो, त्याचा आवाज बदलतो. हे यंत्र अडखळत नाही. त्यामुळे नकाशांची वर्णनं मी हाताने लिहिली.

मग डोक्यात आलं की लेखनिकाचं काम याला करून बघायला सांगावं. बोललेलं मराठी लिहून देणारी मॉडेल्स आता बरीच आहेत. ओपनएआयचं व्हिस्पर २०२२ चं, त्याच वर्षी सरकारची भाषिणी योजना सुरू झाली, मद्रास आयआयटीत एआयफॉरभारतचं काम चालू आहे. कर्णबधिर मुलांना लेक्चर चालू असताना मोबाइलवर अक्षरं वाचता येतात ती याच तंत्राने, आणि हे मोठंच काम आहे. मी मोबाइलसमोर आमच्या घरच्या बोलीत म्हणालो, "मले आठवते, लोकं बैलगाड्या जुपून येऊ राहिले होते."

उत्तर आलं: "मला आठवतं, लोक बैलगाड्या झोपून येत राहिले होते."

झोपून वर मी खूप हसलो. पण खरी चूक ती नाही. 'झोपून' कोणाच्याही लक्षात येईल. 'येऊ राहिले होते' म्हणजे आमच्याकडे 'येत होते'. 'येत राहिले होते' म्हणजे पुन्हापुन्हा, थांबता न येता. अर्थ बदलला, आणि वाक्य इतकं शुद्ध दिसतंय की कोणी शंकाही घेणार नाही. खान्देशी ही ग्रियर्सनने १९०७ च्या खंडात स्वतंत्र नोंदलेली, आणि २०११ च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त लोकांनी आपली म्हणून सांगितलेली भाषा. पण या मॉडेल्सनी जे मराठी ऐकलं-वाचलं ते बातम्यांचं, पुस्तकांचं. त्यांना 'मले' ही 'मला' ची चूक वाटते.

मग मी मुद्दाम दादाचं २०१४ मधलं वाक्य चॅटबॉटला दिलं आणि म्हटलं, परीक्षेच्या उत्तरासाठी नीट करून दे. आलं ते असं: "ग्रामीण भागातील जनतेने या अधिवेशनात उत्स्फूर्तपणे सहभाग नोंदवला."

खुर्चीत मागे टेकून बसलो. बारावीतला मीच समोर होतो. तोच आत्मविश्वास, तेच भलं करायची हौस. फक्त हा लाखो विद्यार्थ्यांचा रायटर होणार आहे.

विद्यापीठात एआय आणा, असं आता सगळेच म्हणतात. आणा की. पण परीक्षेच्या कॉम्प्युटरवर बसवायचं ते कुठलं, हा प्रश्न आधी सोडवायला हवा. मला विचाराल तर इंटरनेट तोडलेला लॅपटॉप, प्रश्न वाचून दाखवणारा, बोललेलं उतरवणारा, उतरवलेलं परत वाचून दाखवणारा, आणि 'नीट करून' देण्याचं बटणच नसलेला. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अवघड आहे ते खान्देशातल्या शे-दोनशे माणसांचे आवाज गोळा करून त्याला 'येऊ राहिले' शिकवणं. त्यासाठी कोणाला तरी जळगाव, शिरपूर, शहाद्याला जाऊन आजीआजोबांसमोर मोबाइल धरून बसावं लागेल, आणि ऐकू येतं तेच लिहावं लागेल. आमच्या घरापासून सुरुवात करायची म्हणून दिवाळीला आजीचा तासभर आवाज टिपून ठेवलाय. तिला वाटलं मी फोनवर कोणाशी तरी बोलतोय, तिने त्याला जेवायला बोलावलं.

गेल्या रविवारी दादाला दोन्ही फाइली पाठवल्या. जुन्या फाँटची युनिकोडमध्ये बदलली, स्कॅनची तपासून. संध्याकाळी फोन आला. आधी हेच विचारलं, "त्यात तू काही नीट केलं नाहीस ना?"

"नाही दादा. होतं तसंच ठेवलंय."

"मग ठीक आहे," म्हणाला. "पण एक सांग, पान ४३ वर हे घुळे म्हणून कुठलं गाव आहे रे?"